बिसरामला कोणी सांगितलं होतं?

गोंदियातले मिलवाले, ठेकेदार, व्यापारी दुर्गेश्वरीला टरकून असायचे, आणि गंमत म्हणजे तिनं आजवर एकालाही वाकडा प्रश्न विचारलेला नव्हता.

वय एकोणतीस, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. मोबाईलवर चालणाऱ्या तिच्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘गादीसमोर’. दर शनिवारी एक सेठ आणि समोर ती. तिरोड्यापासून आमगावपर्यंत लोक चहाच्या टपरीवर मोबाईल उभा करून हा कार्यक्रम पाहायचे. सेठ लोक आधी आढेवेढे घ्यायचे आणि मग नवा सदरा घालून हजर व्हायचे, कारण शेजारच्या मिलवाल्याची मुलाखत झाली आणि आपली नाही झाली, हे कोणाला सहन होतं?

प्रत्येक सेठ सुरुवात एकाच वाक्यानं करायचा. मेहनत, ईमानदारी आणि मायबापाचा आशीर्वाद. बाकीचे मुलाखतवाले यावर ‘वा, वा’ म्हणून पुढच्या प्रश्नाला लागतात. दुर्गेश्वरी ‘वा’ म्हणायची नाही. ती सेठकडे नुसती बघत राहायची, जणू उत्तराला अजून सुरुवातच व्हायची आहे. सेठ चुळबुळ करायचा, पाणी प्यायचा, कॅमेऱ्याकडे बघायचा आणि शेवटी न राहवून खरं बोलायला लागायचा. एका बिडीवाल्या सेठनं दुकानाच्या पाटीवरून धाकट्या भावाचं नाव आपण एका सकाळी कसं पुसून टाकलं, ते असंच सांगून टाकलं होतं. नंतर तो बराच वेळ खिशात रुमाल शोधत बसला.

तिचा कॅमेरावाला उमेंद्र. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, आधी लग्नांचे व्हिडिओ काढायचा. तो म्हणायचा, “बाई, तू सवाल कमी विचारते अन घाम जास्त काढते.”

यात जादू काही नव्हती. बाजार समितीत धानाचं पोतं येतं, तेव्हा पोत्याच्या तोंडाशी नेहमी चांगलं धान असतं. घेणारा शहाणा असला तर तो तोंडाकडे बघत नाही. लोखंडाची पोकळ, टोकदार परखी पोत्याच्या पोटात खुपसतो, आणि आतलं धान हातावर येईपर्यंत हात हलू देत नाही. दुर्गेश्वरी तेच करायची. ती मुलाखतीच्या आधी तासभर येऊन सेठच्या मागं मागं फिरायची. तो कोणाशी कसा बोलतो, कुठं थांबतो, कुठं थांबत नाही, हे बघून ठेवायची. मग एकच साधा प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं.

गप्प बसायची सवय तिला घरातून लागली होती. गावी, कामठ्याला, तिची माय शकुंतलाबाई हिचा एक कडक नेम होता. कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. हाक मारली की त्याचं काम बिघडतं. काही सांगायचंच असलं तर धावत जाऊन त्याच्या पुढं उभं राहा, नाहीतर तो आपणहून वळेपर्यंत थांबा. आजसुद्धा लोणच्याची बरणी द्यायची राहिली, तर शकुंतलाबाई गल्लीबोळातून धापा टाकत ऑटोस्टँडवर लेकीच्या पुढं येऊन उभी राहते आणि मगच तोंड उघडते. दुर्गेश्वरी तिला हसायची, पण समोरचा आपणहून वळेपर्यंत थांबायचं, यावरच आपली भाकर चालते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या बाबाची तिला आठवतही होती ती पाठच. ती सात वर्षांची. गावाबाहेरच्या ईश्वरदास सेठच्या राईस मिलमध्ये बाबाचा डबा घेऊन गेलेली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला पेरू. पुढं डोक्यावर रिकामं घमेलं घेऊन चाललेला बाबा. तो पूर्वेकडच्या भिंतीच्या कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला. तो एकदा मागं बघेल म्हणून ती उभी होती. तो पेरू कुठून आला होता, ते तिला कधी आठवलं नाही.

तिचा बाबा, बिसराम, त्या दिवशी राखेत गेला. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धानाची टरफलं जाळून बॉयलर चालवतात. त्याच्या राखेचे ढीग भिंतीकडेला पडतात. वरून ढीग थंड, करडा, पाणी मारलेला दिसतो. आत निखारे आठ-आठ दिवस जिवंत असतात. पूर्वेकडचा ढीग महिन्याभराचा जुना, थंड होता. बिसराम रोज तिथूनच ट्रॉलीत राख भरायचा. त्या सकाळी कोणीतरी त्यावर ताजी राख ओतली होती. तो वर चढला आणि कमरेपर्यंत आत गेला. तिसऱ्या दिवशी संपला. मधल्या काळात तो शुद्धीवर आलाच नाही.

कागदावर लिहिलं गेलं, ‘सूचना दिलेली असतानाही मजूर स्वतःच्या निष्काळजीपणाने ढिगावर गेला.’ गावानं त्यात आपली भर घातली. प्यायला होता म्हणे. होळीशिवाय ज्यानं कधी तोंड लावलं नाही, तो माणूस मेल्यावर बेवडा ठरला. पुढं बावीस वर्षं शकुंतलाबाईनं लोकांच्या बांधीत, धानाच्या चिखलात, रोवणी केली, लेकीला शिकवलं आणि कोणाशी भांडली नाही. फक्त कोणी तो विषय काढला की ती एकच विचारायची, “त्याले सांगतलं होतं म्हनता ना? मंग कोनं सांगतलं होतं?” याचं उत्तर तिला कोणी दिलं नाही. तिला मिलकडून काही नको होतं. सेठच्या तोंडून तेवढं एक नाव ऐकायचं होतं.

दुर्गेश्वरीनं पन्नास-साठ सेठ समोर बसवले ते पोटासाठी, आणि खरं सांगायचं तर या एका सेठसाठी. हात तयार व्हावा म्हणून.

डिसेंबरात फोन आला. ईश्वरदास सेठचा मुलगा गजेंद्र बोलत होता. मिलला पन्नास वर्षं होत होती. “देखो मॅडम, पापाजीनं आजपर्यंत कोणाला मुलाखत दिली नाही. तुम्हाला देतील. आपल्याच मिलच्या माणसाची मुलगी, एवढी मोठी झाली, लोगों को भी अच्छा लगेगा. बस, ते जुनं प्रकरण विचारायचं नाही. मंजूर?”

“मी त्यावर एकही प्रश्न विचारणार नाही,” दुर्गेश्वरी म्हणाली. मग तारीख विचारून वहीत लिहून घेतली.

ठरलेल्या दिवशी ती सकाळी नऊलाच मिलवर पोचली. उसन्या धानाचा तो ओलसर, आंबूस वास नाकात शिरला. शहात्तर वर्षांचा ईश्वरदास सेठ काठी टेकत सकाळची चक्कर मारत होता. मिलमालक म्हणून रुबाब असला तरी माणूस मूळचा शेतकरी. धोतर घोट्याच्या वर, बोलणं गावचं. तिला बघून तो थबकला.

“मी गजेंद्रले म्हनलं होतं, कोनालेही बोलाव, या पोरीले नको बोलावू.”

“काऊन सेठजी? मी काही वाईट विचारते का?”

“तू विचारतच नाई. तेच तं वाईट आहे,” तो म्हणाला आणि चालू लागला.

भितो आहे, असं दुर्गेश्वरीनं मनात लिहून ठेवलं. ती त्याच्या मागोमाग निघाली. सेठ हौदांपाशी थांबला, भिजत घातलेल्या धानाचा दाणा काढून दाताखाली धरला. वाळवणाच्या पटांगणात बायकांना दोन शब्द बोलला. बॉयलरवर नजर टाकली. गोदामाला वळसा घातला आणि पूर्वेकडची भिंत दिसायच्या आतच मागं फिरला. पुढं रस्ता मोकळा होता, ऊनही कोवळं होतं. तरी तो त्या बाजूला गेला नाही.

दहाला गादीवर पांढरी चादर टाकून मुलाखत सुरू झाली. गजेंद्र दाराशी हात बांधून उभा. उमेंद्रनं कॅमेरा लावला. सेठनं मेहनत, ईमानदारी आणि मायबापाचा आशीर्वाद म्हटलंच. मग पहिलं मशीन, पहिला बॉयलर, एका वर्षी धान भिजून काळं पडलं ते. वीस-पंचवीस मिनिटं बरं चाललं होतं. गजेंद्रचे हातही सैल झाले.

मग दुर्गेश्वरीनं तिचा एक प्रश्न विचारला.

“सेठजी, आज चक्कर मारताना तुम्ही गोदामापासूनच परत फिरले. पूर्वेकडच्या भिंतीपर्यंत नाही गेले. काऊन?”

“तिकडं काई नाई.”

ती गप्प बसली. बाहेर चाळणीचा खडखडाट चालू होता. सेठनं गुडघ्यावरचं धोतर नीट केलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. ती बघत होती, रागानं नाही, नुसती बघत होती.

“बावीस वर्सं झाली, मी तिकडं गेलो नाई,” सेठ म्हणाला. “तिकडं तुया बाप गेला.”

“पापाजी, रहने दो. वो बात नहीं करनी थी,” गजेंद्र पुढं आला. “मॅडम, कट करा हे.”

सेठनं नुसता हात वर केला. गजेंद्र जागच्या जागी थांबला.

“त्याले सांगतलं होतं,” सेठ म्हणाला.

तेच वाक्य. कागदावरचं, गावाच्या तोंडचं, मायनं बावीस वर्षं झेललेलं.  वचन दिल्याप्रमाणे विषय दुर्गेश्वरीनं काढला नव्हता. आता तो समोर येऊन बसला होता.

“कोनं?” ती म्हणाली.

सेठनं बाजूची काठी जवळ ओढली. “केवळरामनं.”

केवळराम म्हणजे तेव्हाचा बॉयलरवाला. ते प्रकरण झालं आणि आठ दिवसांत तो नोकरी सोडून गावी निघून गेला होता. मागच्या वर्षी वारल्याचं तिनं ऐकलं होतं.

“केवळरामकाकानं बाबाला स्वतः जाऊन सांगितलं?”

“नाई. बॉयलर चालू होता. वाफ भरलेली. त्याले जागा सोडता येत नव्हती.”

दुर्गेश्वरीनं हळूच श्वास सोडला. तिला ओरडावंसं वाटलं. बाबाला सांगितलंच नव्हतं! बाबा ऐकलं न ऐकल्यासारखं करून गेला नव्हता, बाबा प्यायला नव्हता. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि हे खुद्द सेठ बोलला होता, कॅमेऱ्यासमोर. माय हे ऐकेल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, तेही क्षणभर डोळ्यांसमोर येऊन गेलं. इथं थांबली असती तरी चाललं असतं. पण परखी पोटात गेली होती, आणि हाताला सवय होती.

“मग निरोप कोणाजवळ दिला?”

सेठचा चेहरा उतरला. “इथं थांब बेटा. हे नको विचारू. तुया भल्यासाठी सांगून राहिलो.”

हे वाक्य तिनं डझनभर सेठांच्या तोंडून ऐकलं होतं. तुझ्या भल्यासाठी म्हणणारा माणूस आपलं किंवा आपल्या पोराचं भलं बघत असतो, हा तिचा अनुभव. तिची नजर दाराकडे गेली. गजेंद्र तेव्हा तेवीसचा असेल. दिवसभर मिलमध्येच असायचा. निरोप याच्याजवळ दिला असणार आणि हा विसरला असणार, कुठंतरी मोटरसायकल उडवत गेला असणार. बापानं बावीस वर्षं पोराला झाकलं! तिला खात्रीच पटली.  पण तिनं चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. ती सेठकडे वळली आणि गप्प बसली.

नंतर उमेंद्रनं मोजलं, ती शांतता एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांची होती. सेठ दोनदा तोंड उघडून थांबला. त्यानं तिच्याकडे बघितलं, खाली बघितलं. ती हलली नाही.

“एक पोरगी डबा घेऊन आली होती,” सेठ शेवटी म्हणाला. “फ्राकवाली. केवळरामनं तिच्या हातावर पेरू ठेवला अन म्हनलं, पळ, बापाले सांग, पूर्वेकडच्या ढिगावर जाऊ नको, आज सकाळीच गरम राख टाकली आहे.”

दुर्गेश्वरीला आधी काहीच झालं नाही. तिनं वहीत बघितलं, पुढचा प्रश्न काय आहे ते. वहीतली अक्षरं दिसत होती, लागत नव्हती. मग तिच्या लक्षात आलं की आपली उजवी मूठ वळलेली आहे, पेरूएवढी उघडी ठेवून.

पेरू.

केवळरामकाकाचा काळा, काजळी लागलेला हात तिला दिसला. पेरूवर त्याच्या अंगठ्याचा डाग उमटला होता, तो तिनं फ्रॉकला पुसला होता. ती पळाली होती. पळताना डबा मांडीवर आपटत होता. पुढं बाबाची पाठ होती, डोक्यावर घमेलं, कामाला निघालेली पाठ. आणि ती थांबली. राखेकडे पाऊल टाकायचं नाही, असं बाबानंच बजावलं होतं, त्यामुळे पुढं जाऊन उभं राहता येत नव्हतं. मागून हाक मारायची नव्हती. बाबा कोपऱ्यावर वळून एकदा बघतोच, तेव्हा सांगू, म्हणून ती शहाण्या मुलीसारखी उभी राहिली. पेरू खात उभी राहिली.

बाप गेला त्या दिवशीसुद्धा तिला एवढा धक्का बसला नव्हता. त्या दिवशी तिला काही कळलंच नव्हतं. आता ती एकोणतीस वर्षांची होती आणि सगळं एकदम कळत होतं.   ज्या माणसाचं नाव ती इतकी वर्षं शोधत होती, तो माणूस ती स्वतःच निघाली. आणि ते तिनं स्वतःच्या कसबानं खणून काढलं होतं, समोरचा नको, नको म्हणत असताना.

“पापाजी, ये क्या बोल रहे हो आप?” गजेंद्रचा आवाज फाटला. त्यालाही हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. उमेंद्रचा हात कॅमेऱ्याच्या बटणाकडे गेला.

“चालू ठेव,” दुर्गेश्वरी म्हणाली. 

“केवळराम त्या संध्याकाळी रडत आला माह्याकडं,” सेठ सांगत होता. आता त्याला थांबवणंही शक्य नव्हतं. “म्हने, पोरगी उभी होती, म्या पाह्यलं, पन आवाज मशीनच्या वर जाईना. वकील म्हनला, सूचना दिली होती असं लिहा, मिल वाचते. मी म्हनलं, लिहा, पन कोनाजवळ दिली ते नको लिहू, पोरगी भी वाचते. दोन्ही खरं आहे बेटा. कोनतं जास्त खरं, ते मले आजपर्यंत नाई समजलं.”

एखादीनं तिथं हंबरडा फोडला असता, आणि कोणी तिला नाव ठेवलं नसतं. दुर्गेश्वरी समोरचं पाणी प्यायली.  मग तिनं आणखी एक प्रश्न विचारला. आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तिनं तेव्हा विचारला, असं उमेंद्र अजूनही सांगतो.

“सेठजी, त्या ढिगाला कुंपण होतं?”

“नाई.”

“फळी? दोरी? एखादा उभा माणूस?”

सेठ खाली बघत राहिला. “नाई. सात वर्सांच्या लेकराच्या भरवशावर मिल चालवून राहिलो होतो मी.”

“एवढंच,” ती म्हणाली आणि उठली. 

बाहेर आल्यावर उमेंद्रनं गाडीला किल्ली लावली, पण सुरू केली नाही. तो तिच्याकडे न बघता बोलला, “ऐक बाई. ‘त्याले जागा सोडता येत नव्हती’, इथं कापू. तुया बापाचं नाव साफ होते. सेठनं कबूल केलं, कागद खोटा ठरला, मायले पाहिजे ते भेटलं. पुढचं कोनालेच पाहिजे नाही. मी, तू, सेठ अन गजेंद्र. चौघांत राहते.”

ते अगदी खरं होतं. अठ्ठावीस मिनिटं दहा सेकंदांवर एक छोटीशी कात्री, की बाबाही सुटत होता आणि तीही. तिनं पूर्ण एक मिनिट त्याचा विचार केला. खोटं कशाला बोलायचं, तिला ते हवंहवंसं वाटलं. मग रुमाल शोधणारा तो बिडीवाला सेठ आठवला. त्यानं दुसऱ्या दिवशी फोन करून भावाच्या नावाचं तेवढं काढा म्हणून विनवलं होतं, आणि आपण काय म्हणालो होतो तेही आठवलं. सेठजी, तेवढंच तर खरं बोललात.

“कामठ्याला घे,” ती म्हणाली.

शकुंतलाबाई अंगणात लाखोळीची भाजी निवडत बसली होती. लेक अशी अवेळी, दुपारचीच आलेली बघून तिनं काही विचारलं नाही. फक्त हात पदराला पुसले. दुर्गेश्वरीनं मोबाईल तिच्यासमोर पाटावर ठेवला आणि न कापलेली मुलाखत लावली. पहिल्या मशीनचं, काळ्या धानाचं सगळं माय मान हलवत ऐकत होती. “कोनं?” हा लेकीचा आवाज आला तशी तिची बोटं भाजीत थांबली. “नाई. बॉयलर चालू होता,” यावर तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. “पाहा,” ती पुटपुटली. “मी म्हनत होती का नाई?”

दुर्गेश्वरीला वाटलं, आता बंद करावं. अजूनही करता येईल. तिनं हात मांडीवरच ठेवला.

मग ती लांब शांतता आली. माय मोबाईलकडे वाकून बघत होती, बंद पडला की काय म्हणून. मग सेठचा आवाज आला. डबा. फ्रॉक. पेरू.

सगळं संपेपर्यंत शकुंतलाबाई हलली नाही. संपल्यावरही मोबाईलच्या काळ्या काचेकडेच बघत राहिली.  “तुले दिसत होता तो?” तिनं विचारलं.

“हो.”

“किती दूर?”

दुर्गेश्वरीनं अंगणातून विहिरीकडे बोट दाखवलं. एवढाच.

“मंग हाक काऊन नाई...”

वाक्य तिथंच तुटलं. शकुंतलाबाईनं दाताखाली पदर धरला.   ज्या तोंडानं प्रश्न विचारला, त्याच तोंडानं एका सात वर्षांच्या मुलीकडून तो नेम घोकून घेतला होता, दोनदा थापड मारून. ते दोघींनाही एकाच वेळी आठवलं. माय उठली, म्हशीला वैरण टाकायला गेली, आणि वैरण टाकून झाल्यावरही गोठ्यातच उभी राहिली.

संध्याकाळी तिनं भात वाढला, भाजी वाढली.  दुर्गेश्वरी म्हणाली, “माय, हे मी पूर्ण टाकणार आहे. कापणार नाही. लोकांना कळू दे बाबाला कोणी सांगितलं नव्हतं. बाकीचंही कळू दे.” शकुंतलाबाईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ताटातला शेवटचा घास बराच वेळ हातातच धरून बसली.

सकाळी साडेसातला दुर्गेश्वरी गोंदियाला निघाली. पिशवी खांद्यावर घेतली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. माय दारात उभी होती, हे तिला ठाऊक होतं. तिनं मागं बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती. अंगण संपलं, विहीर गेली, शेजारच्या पुष्पाबाईचं घर आलं. कोपऱ्यावर वळायला चार पावलं उरली होती.

“दुर्गेऽऽ!”

मागून हाक आली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढी मोठी. अंगण झाडणारी पुष्पाबाई खराटा हातात धरून तशीच थांबली, कारण शकुंतलाबाईला असं मागून हाक मारताना तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

दुर्गेश्वरी वळली. माय विहिरीपाशी येऊन उभी होती, अनवाणी. बरणी नव्हती, डबा नव्हता. तिच्या हातात काहीच नव्हतं.

“काय झालं माय? काही राहिलं का?”

“नाई,” शकुंतलाबाई म्हणाली.  “काई नाई राहिलं. तू वळते का, पाहून राहिली होती. जाय आता.”